तिसरे तेंडुलकर

आपल्या बॅचसमोर तेंडुलकर म्हटलं की डोळ्यांपुढे एकच माणूस येतो, आणि त्यात आपली काही चूक नाही. १९९६ चा मार्च, दहावीची परीक्षा आणि वर्ल्ड कप हे सगळं एकदमच आलं होतं. कलकत्त्याच्या सेमीफायनलला सचिन बाद झाल्यावर कुणाकुणाच्या घरी टीव्ही बंद झाला, हा विषय ग्रुपवर आजही निघतो. दुसरे तेंडुलकर, म्हणजे विजय तेंडुलकर, मराठीच्या बाईंमुळे निदान नावाने माहीत झाले. तिसऱ्यांचं नाव मी २०११ मध्ये ऐकलं आणि ऐकल्याबरोबर त्यांची थट्टा केली. ते खरे कोण, हे कळायला पुढची बारा वर्षं गेली.

स्मरणिका समितीने मला ‘तुमच्या क्षेत्राबद्दल लिहा’ असं सांगितलं होतं. सॉफ्टवेअरबद्दल लिहिण्यासारखं माझ्याकडे फारसं नाही. जे आहे ते वाचून तुम्हाला झोप येईल. म्हणून अर्थशास्त्राच्या एका प्राध्यापकावर लिहिते आहे. समितीने आणि अर्थशास्त्र खरोखर शिकवणाऱ्या सरांनी सांभाळून घ्यावं.

आधी थट्टेचं सांगते. सप्टेंबर २०११ मध्ये नियोजन आयोगाने सर्वोच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्र दिलं. शहरात माणशी दिवसाला ३२ रुपये आणि खेड्यात २६ रुपये खर्च करणारा दारिद्र्यरेषेच्या वर, असा त्याचा अर्थ निघाला आणि देशभर गदारोळ झाला. वर्तमानपत्रांत लिहून आलं की ही रेषा ‘तेंडुलकर समिती’ची. तेव्हा सचिनचं शंभरावं आंतरराष्ट्रीय शतक अडलं होतं. मी पुण्यात ऑफिसमध्ये बसून मेल पाठवला : ‘एक तेंडुलकर ९९ वर अडकलाय, दुसरा ३२ वरच डाव घोषित करून मोकळा झाला.’ मेल खूप फिरला. दोन दिवसांनी तो मलाच दुसऱ्या कुणाकडून परत आला, तेव्हा मला अभिमान वाटला होता.

मग दोनेक वर्षांपूर्वी माझी मुलगी अकरावी कॉमर्सचं पुस्तक घेऊन आली. दारिद्र्यावरचा धडा होता. ‘आई, हे सुरेश तेंडुलकर सचिनचे कोण लागतात?’ मी म्हटलं, कुणी नाही, तो ३२ रुपयेवाला माणूस. तिने विचारलं, ‘म्हणजे त्यांनी गरिबी कमी दाखवली?’ मी हो म्हणणार होते, पण पोरीला काही सांगायचं तर आधी खात्री करावी, ही सवय आपल्या गणिताच्या सरांनी लावलेली. रात्री समितीचा अहवाल उघडला. त्यात उलटंच होतं.

सुरेश तेंडुलकर यांचा जन्म १९३९ चा. हार्वर्ड विद्यापीठाची पीएच.डी. घेऊन ते भारतात परतले आणि १९७८ ते २००४ अशी सव्वीस वर्षं दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकवत राहिले. दिल्ली स्कूलमध्ये मनमोहन सिंगही काही काळ प्राध्यापक होते, आणि त्यांचा विषय होता आंतरराष्ट्रीय व्यापार. स्वातंत्र्यानंतर जगाच्या निर्यातीत भारताचा वाटा दोन टक्क्यांच्या आसपास होता. ऐंशीच्या दशकापर्यंत तो अर्ध्या टक्क्यावर आला. आपण परदेशी माल अडवण्यासाठी भिंत बांधली, पण त्याच भिंतीने आपलाही माल आत कोंडला. जगदीश भगवती आणि टी. एन. श्रीनिवासन यांनी हे सत्तरच्या दशकातच सविस्तर मांडलं होतं. पुढे याच श्रीनिवासन यांच्याबरोबर तेंडुलकरांनी २००३ मध्ये एक छोटेखानी पुस्तक लिहिलं. भारताला जगाच्या अर्थव्यवस्थेशी पुन्हा कसं जोडायचं, हा त्याचा विषय. १९९१ च्या सुधारणांवर टी. ए. भवानी यांच्यासोबतचं दुसरं पुस्तक २००७ मध्ये आलं.

१९९१ च्या जुलैत आपण सहावीत होतो. देशाकडे जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतं परकीय चलन उरलं होतं आणि रिझर्व्ह बँकेने सुमारे ४७ टन सोनं बँक ऑफ इंग्लंडकडे गहाण टाकलं. सोनं गहाण टाकणं म्हणजे काय, हे वाशीच्या मुलांना समजावून सांगावं लागत नाही. मृगाच्या आधी बी-बियाण्यासाठी आईची बोरमाळ कुठे जाते, ते आपण पाहिलेलं होतं. फरक इतकाच की देशाने नंतर घराचे नियमही बदलले. रुपयाचं अवमूल्यन झालं, परवाने सुटले, ज्या जकाती काही वस्तूंवर तीनशे टक्क्यांच्याही वर होत्या त्या उतरायला लागल्या. माझी नोकरी त्यातून आली. परदेशी बँकांचे हिशेब पुण्यात बसून लिहायचे आणि पगार रुपयांत घ्यायचा, हीही निर्यातच आहे. ज्या बदलाची बाजू हे प्राध्यापक आयुष्यभर मांडत होते त्याचं फळ मी खात होते आणि तिथूनच त्यांच्यावर विनोद पाठवत होते.

पण सगळ्यांना सॉफ्टवेअर जमत नाही. आठवी-नववीत शाळा सुटलेल्या माणसाला निर्यातीतून काम मिळायचं तर ते शिवणकाम, पादत्राणं, खेळणी अशा हातांच्या धंद्यांत. तेंडुलकर आणि भवानी यांनी तयार कपड्यांच्या उद्योगावर अभ्यास केला. कोणते कारखाने माल बाहेर पाठवू शकतात? त्यांना कारखान्याचा आकार आणि कामातली कार्यक्षमता या दोन्हींचा निर्यातीशी संबंध दिसला. आणि आपल्याकडे तर तयार कपडे कित्येक वर्षं लघुउद्योगासाठी राखीव होते. म्हणजे कायद्यानेच कारखाना मोठा होऊ द्यायचा नाही. हेतू लहान माणसाला जपण्याचा होता. पण हजार-हजार शिलाई मशिनं एका छपराखाली बसवणाऱ्या देशांनी परदेशच्या ऑर्डरी नेल्या. आपल्या भागातून सोलापूरला नाहीतर पुण्याला गेलेल्या किती जणींना तसं काम मिळालं असतं, कोण जाणे.

व्यापार म्हणजे मुंबईचं बंदर, असं आपल्याला भूगोलात वाटायचं. आता गावाकडे सगळीकडे सोयाबीन आहे, तेव्हा व्यापार थेट मोंढ्यात येऊन बसला आहे. २०२१ च्या पावसाळ्यात लातूरच्या बाजारात सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या घरात गेलं. ऑगस्टमध्ये केंद्राने १२ लाख टन सोयापेंड आयात करायला परवानगी दिली, कारण कोंबडीपालनवाल्यांना खाद्य परवडेना. नवं पीक येईपर्यंत भाव उतरला होता. माझा भाऊ त्या वेळी फोनवर जे बोलला ते स्मरणिकेत छापण्याजोगं नाही. कोंबड्या पाळणारा आमचा आतेभाऊ मात्र खूश होता. दोघेही वाशी तालुक्यातलेच. भिंत पाडली की कुणाचं काय होतं, हा प्रश्न पुस्तकी नाही, आणि तेंडुलकरांनीही तो पुस्तकी ठेवला नाही. १९९५ मध्येच त्यांनी एल. आर. जैन यांच्याबरोबर आर्थिक सुधारणा आणि दारिद्र्य यांचा संबंध तपासणारा लेख लिहिला होता. सुधारणांची बाजू घेणारा माणूस गरिबांचे आकडे घेऊन बसतो, याचं मला आधी आश्चर्य वाटलं. खरं तर ते एकाच प्रश्नाचे दोन भाग आहेत.

शिक्षकांसाठी एक गोष्ट मधेच सांगून टाकते. केंद्राच्या पाचव्या वेतन आयोगात तिघे जण होते आणि त्यांतले एक सुरेश तेंडुलकर. ‘पाचवा लागू झाला’ तेव्हा स्टाफरूममध्ये पेढे वाटणारे आपले सर आठवा. पेढ्यांमागे हेही एक नाव होतं.

आता रेषेकडे येते.

दारिद्र्यरेषेचा जुना हिशेब १९७३-७४ च्या किमतींवर उभा होता. खेड्यात महिन्याला माणशी ४९ रुपये ९ पैसे, शहरात ५६ रुपये ६४ पैसे. खेड्यात रोज २,४०० आणि शहरात २,१०० उष्मांक मिळवणाऱ्या माणसाचा सगळा खर्च किती, त्यावरून ती काढली होती. आपल्या आईवडिलांच्या पिढीसाठी ते साल म्हणजे बहात्तरच्या दुष्काळाचं शेपूट. खडी फोडायला गेलेली माणसं अजून आपल्या घरांत आहेत. पुढे तीस वर्षं त्या जुन्याच टोपलीच्या किमती वाढवत नेल्या. शिक्षण आणि दवाखाना सरकार देईल, असं तेव्हा गृहीत धरलेलं होतं. प्रत्यक्षात काय झालं ते आपण जाणतो. दुखणं वाढलं की बार्शी गाठायची आणि खिशातून पैसे भरायचे.

डिसेंबर २००५ मध्ये नियोजन आयोगाने तेंडुलकरांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञगट नेमला. त्याचा अहवाल नोव्हेंबर २००९ मध्ये आला. मधल्या काळात ते राष्ट्रीय सांख्यिकी आयोगाचे पहिले अध्यक्ष झाले, पंतप्रधानांच्या आर्थिक सल्लागार परिषदेत होते आणि २००८-०९ मध्ये, जगभर मंदीचं वादळ असताना, तिचे अध्यक्षही होते. अहवालात त्यांनी उष्मांकांना बांधलेली रेषा सोडून दिली आणि शाळा व औषधपाणी यांचा खर्च हिशेबात घेतला. शहराचा दारिद्र्याचा जुना आकडा, २५.७ टक्के, तसाच ठेवला. त्या शहरी माणसाच्या गरजांची जी टोपली, तीच खेड्यातल्या माणसालाही, फक्त खेड्याच्या किमतीत.

आणखी एक बदल आहे, तो मला सर्वांत आवडला. घरखर्चाच्या पाहणीत पूर्वी विचारायचे : गेल्या ३० दिवसांत किती खर्च झाला? आता विचार करा, आपल्या घरी वह्या-पुस्तकं, गणवेश आणि चपला कधी यायच्या? जूनमध्ये. लुगडं कधी? दिवाळीला, जमलं तर. पाहणीवाला जानेवारीत आला तर उत्तर शून्य. तेंडुलकरांनी कपडे, पादत्राणं, शिक्षण, दवाखान्यातली भरती, टिकाऊ वस्तू यांसाठी गेल्या वर्षभराचा खर्च विचारणारी पद्धत घेतली. किराणा मात्र ३० दिवसांचाच. प्रोग्रॅमिंग करणाऱ्यांना असली चूक ओळखीची असते. मोजणी नीट असते, पण चुकीच्या वेळी केलेली.

निकाल असा लागला. २००४-०५ साठी खेड्याची रेषा ३५६ रुपयांवरून ४४७ वर गेली, शहराची ५३९ वरून ५७९ वर. ग्रामीण भारतातला दारिद्र्याचा आकडा २८.३ टक्क्यांवरून ४१.८ झाला आणि एकूण देशाचा २७.५ वरून ३७.२. माणसांत मोजलं तर सुमारे दहा कोटी लोक जास्त. महाराष्ट्राच्या खेड्यांत ४७.९ टक्के, म्हणजे जवळजवळ निम्मी. मुलीला मी दुसऱ्या दिवशी सांगितलं की त्यांनी गरिबी कमी दाखवली नाही, दहा कोटींनी जास्त दाखवली. ती म्हणाली, ‘मग तू ३२ रुपयेवाला का म्हणालीस?’

प्रतिज्ञापत्रातले आकडे समितीची रेषा जून २०११ च्या किमतींपर्यंत ओढून काढलेले होते. महिन्याला माणशी शहरात ९६५ आणि खेड्यात ७८१ रुपये, म्हणजे पाच जणांच्या खेड्यातल्या घराला ३,९०५. दिवसावर भागलं की २६ होतात आणि माणसाचं डोकं फिरतं. ते फिरायलाच हवं; कारण ही रेषा कमीच आहे. ती सुखी जगण्याची नाही, जेमतेम तगण्याची आहे. पण आधीची त्याहूनही खाली होती, आणि तेव्हा आपण कुणीच मेल पाठवले नव्हते.

टीकाकार होतेच, आणि ते आमच्यासारखे विनोद करणारे नव्हते. मधुरा स्वामीनाथन, उत्सा पटनाईक यांच्यासारख्या अर्थतज्ज्ञांनी उष्मांकांची अट सोडण्यावर कडक आक्षेप घेतले. अहवालाचं म्हणणं होतं की नव्या रेषेवरच्या शहरी माणसाला रोज १,७७६ उष्मांक मिळतात आणि जागतिक अन्न व कृषी संघटनेचा सुधारित निकष १,७७० चा आहे. मला हे पटत नाही. खुर्चीवर बसणाऱ्या मला १,७७६ पुरतील. कोयता हातात धरणारीला पुरणार नाहीत.

कोयता म्हटलं की आपल्यातली एक जण आठवते. तिचं नाव लिहीत नाही. मुलींच्या दुसऱ्या बाकावर खिडकीकडे बसायची, इतकं सांगितलं तरी तुम्ही ओळखाल. दिवाळी झाली की तिचं कुटुंब टोळीबरोबर कारखान्याला जायचं आणि पट्टा पडल्यावर, उन्हाळ्यात परत यायचं. तोवर वार्षिक परीक्षा तोंडावर आलेली असायची. आठवीनंतर ती आली नाही. हजेरीपटावर तिचं नाव आणखी काही महिने होतं, बाई पुकारायच्या आणि पुढे जायच्या.

२००२ चं बीपीएल सर्वेक्षण झालं तेव्हा ती सासरी होती. तेरा प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते चार गुण, जास्तीत जास्त बावन्न. कमी गुण तो गरीब. तिच्या घरी पंखा होता. ती स्वतः शिकली नव्हती म्हणून तिने थोरल्या पोराला आजीजवळ ठेवून पहिलीत घातलं होतं. मूल कामाला न जाता शाळेत जातं, याचे पूर्ण चार गुण. घर यादीतून वर सरकलं. पोराला शाळेत घातल्याचा हा दंड मी गेल्या वर्षी तिच्याच तोंडून ऐकला. त्या वेळी मला त्या तेरा प्रश्नांचा तक्ता काढून पाहावा लागला, कारण मला ते खरं वाटेना. खरं होतं.

हा तक्ता तेंडुलकरांचा नव्हे, हे स्पष्ट लिहायला हवं. त्यांची रेषा किती लोक गरीब आहेत एवढं सांगते. कोण, ते सांगत नाही. पण दोन्हींची गाठ मारलेली होती. राज्यातल्या यादीत किती घरं बसवायची, त्याची मर्यादा नियोजन आयोगाच्या अंदाजावरून ठरायची आणि मग कितव्या गुणाला रेघ मारायची ते पाहायचे. आधी उत्तर, मग गणित. अंदाजच २८ टक्क्यांचा असेल तर एकोणतिसावा कितीही उपाशी असो, बाहेर. म्हणून २८ चे ४२ होणं ही नुसती दिल्लीतली आकडेमोड नव्हती. ३ ऑक्टोबर २०११ ला नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष माँटेकसिंग अहलुवालिया आणि ग्रामविकासमंत्री जयराम रमेश यांनी, योजनांच्या लाभाला यापुढे या अंदाजांची मर्यादा लावणार नाही, असं जाहीर केलं. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने देशातल्या ग्रामीण लोकसंख्येच्या ७५ टक्क्यांपर्यंत धान्य न्यायचं ठरवलं. पुढे रंगराजन समितीने २०१४ मध्ये रेषा आणखी वर नेली. पण सरकारी कागदांत दारिद्र्याचा शेवटचा अधिकृत अंदाज म्हणून ज्याचा उल्लेख होतो, तो २०११-१२ चा २१.९ टक्क्यांचा आकडा तेंडुलकर पद्धतीचाच आहे.

ते स्वतः यातलं काहीच पाहायला नव्हते. २१ जून २०११ ला पुण्यात त्यांचं निधन झालं. प्रतिज्ञापत्र त्यानंतर तीन महिन्यांनी आलं. ज्या आकड्यावरून देशाने त्यांना शिव्या घातल्या त्यावर त्यांना एक वाक्यही बोलता आलं नाही. मी तो मेल लिहिला तेव्हा ते आपल्यात नव्हते, आणि त्याच शहरात राहून मला ते माहीतही नव्हतं. ज्यांना मेल पाठवला होता त्यांतल्या सात-आठ जणांचे पत्ते माझ्याकडे अजून होते. त्यांना मी आकड्यांसकट दुरुस्ती पाठवली. एकाचंच उत्तर आलं : ‘कोणता मेल?’

मेळाव्याचं निमंत्रण द्यायला मी आपल्या त्या मैत्रिणीला फोन केला, तेव्हा ती कारखान्यावर होती. इकडचं तिकडचं झाल्यावर मी तिला पाहणीवाल्यासारखा प्रश्न विचारून पाहिला : गेल्या तीस दिवसांत घरात किती खर्च झाला असेल गं? ती हसली. म्हणाली, ‘महिन्याचा हिशेब तुमच्याकडं असतो बाई. आमचा हंगामाचा. सुरवातीला मुकादमाची उचल घेतली, ती पोरीच्या लग्नाच्या देण्याला गेली. आता तोडायचा ऊस हा ती फेडायला. वाढे इकून मीठ-मिरची भागतीया.’ मग मागे कुणीतरी गाडी भरायला हाक मारली. मेळाव्याची तारीख तिने दोनदा विचारून घेतली आणि पट्टा तोवर पडला तर येते म्हणाली.